घाणा शनिवारी थांबायचा

आमच्या पूर्णा गावात आता रात्र पडत नाही. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला, काल्हेर मागे टाकलं, की पूर्णा. कधीकाळी इथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं होती. आता पत्र्याच्या छपरांची गोदामं आहेत आणि गाळ्यांपुढे पाठ लावून उभे असलेले कंटेनर आहेत. मुंबईतल्या माणसानं रात्री फोनवर बोट टेकवून मागवलेली वस्तू सकाळी त्याच्या दारात पोचते, ती अशाच कुठल्यातरी गाळ्यातून निघालेली असते. दिवाळीच्या आधीचे दिवस तर विचारूच नका. माल चढवणाऱ्या एका पोराला आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी असते म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "सुट्टी पायजे तवा मिळते, काका. हजेरी मिळत नाय."

कायदा त्याच्या बाजूनं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंही कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती लिहून दिली आहे. पण गोष्ट नुसती मजुरीची नाही. न थांबणं हीच हल्ली निष्ठेची खूण झाली आहे. धंदा बसला? दुप्पट राब. परीक्षेत आपटलास? झोप कमी कर. 'पॅशन' नावाचा एक शब्द भाषणं देणाऱ्यांनी इतका वापरलाय, की ती कमी पडली म्हणूनच आपण हरलो असं हरलेल्या माणसाला वाटू लागतं.

आमच्या खाडीपलीकडे, ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, १८७९ साली बांधलेलं 'शआर हाशामाइम' नावाचं सिनेगॉग आहे. ते बांधलं बेने इस्रायल लोकांनी. मराठी बोलणारे, नावापुढे पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, आष्टमकर अशी कोकणातली गावं लावणारे हे यहुदी. कोकणात त्यांना शेजारी ओळखत ते 'शनवार तेली' म्हणून, कारण तेल गाळणं हा त्यांचा धंदा आणि शनिवारी त्यांचा घाणा बंद. न थांबण्याला निष्ठा म्हणणाऱ्या आमच्या रस्त्यावर राहून मी या लोकांविषयी वाचत गेलो, तेव्हा त्यांच्या निष्ठेची सुरुवातच थांबण्यापासून होते हे मला फार विलक्षण वाटलं.

शनिवारी घाणा थांबवणं हे आज वाटतं तितकं सोपं नसणार. सातातला एक दिवस म्हणजे कमाईचा सातवा हिस्सा. दिव्याला तेल, फोडणीला तेल, बाळंतिणीच्या अंगाला तेल, आणि त्यातून वार शनिवार, मारुतीला तेल वाहण्याचा. गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे वळायला एवढं पुरे आहे. बरं, घाणा चालवला असता तर जाब कोण विचारणार होतं? त्यांच्याकडे धर्मगुरू नव्हता, पोथी नव्हती, कित्येक शतकं सिनेगॉगही नव्हतं. शेजाऱ्याला त्यांच्या शनिवारशी देणंघेणं नव्हतं. म्हणजे हा नियम पाळण्यात बक्षीस नव्हतं आणि मोडण्यात शिक्षा नव्हती. तरी घाणा थांबायचा.

त्यांची मूळकथा बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या. हळूहळू हिब्रू भाषाही गेली. उरलं ते इतकंच: शब्बाथचा दिवस, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, काही सण आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. हे कधी घडलं? समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेतात. कागदोपत्री पुरावा मात्र अठराव्या शतकापासून धडपणे मिळतो. शिवाय समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेल्या चौदा देहांची गोष्ट कोकणात आणखी एका समाजाच्या नावावर आहे. चिपळूणला परशुरामानं चौदा प्रेतं जिवंत केली, ती चित्पावनांची कथा. दोन कथांनी एकमेकींचं उसनं घेतलंय का, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. जहाजाचं लाकूड सापडलं काय आणि न सापडलं काय, घाणा शनिवारी थांबायचा ही गोष्ट शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

पुढे कोचीनहून दाविद राहाबी नावाचा एक यहुदी आला. परंपरा त्याला हजारेक वर्षं मागे नेते, अभ्यासक अठराव्या शतकात आणतात. हे लोक खरंच आपले आहेत का, हे पाहायला त्यानं म्हणे एका घरातल्या बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी घेतली आणि बाकीची बाजूला सारली. राहाबीची खात्री पटली. त्यानं मग काही घराण्यांतल्या पुरुषांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवले, आणि तेच समाजाचे काजी झाले.

मी जन्मानं खाडीकाठचा माणूस आहे, त्यामुळे या गोष्टीकडे मला जरा निराळ्या अंगानं पाहावं लागतं. खवले नसलेलं बाद म्हणजे कोळंबी बाद, कुर्ल्या बाद, तिसऱ्या बाद, मुशी बाद. शेजारच्या घरातून कोळंबीच्या कालवणाचा वास येतोय, आणि शेकडो वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या, अष्टागरात राहून, एका घरानं ती खायची नाही! तेही का, तर कुठल्याशा डोंगरावर कुणा पूर्वजाला सांगितलं होतं म्हणून, आणि जे सांगितलं ते लिहिलेली पोथीही हाताशी नाही. घाणा बंद ठेवण्यापेक्षा मला ही तपश्चर्या मोठी वाटते. मटणाबरोबर दूध चालत नाही, म्हणून रश्श्यात नारळाचं दूध आलं. कोकणानं नियम मोडायला लावण्याऐवजी नियमाला चव आणली.

राहाबीच्या परीक्षेत एक गोष्ट नजरेआड होऊ नये. त्यानं कुणाला श्रद्धा आहे का, देवाबद्दल काय वाटतं, असं विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्या बायका बहुधा गप्प बसल्या असत्या. त्यानं त्यांचे हात पाहिले. यहुदी परंपरेत याला जुना आधार आहे. सिनाय पर्वतापाशी लोकांनी देवाला दिलेल्या वचनात करणं आधी येतं आणि ऐकून समजून घेणं मागून येतं. तालमूदच्या पंडितांनी या उलट्या क्रमाचं मोठं कौतुक केलं आहे. आपल्याला वाटतं, आतून उमाळा आला की कृती होते. आणि उमाळा आटला की सगळं संपलं. शनवार तेल्यांचा अनुभव याच्या बरोबर उलट आहे. पोथी, भाषा, अर्थ आणि बहुधा कित्येक पिढ्यांचा उत्साहही नाहीसा झाला. हाताच्या सवयी उरल्या, आणि कधीतरी उत्साह परत आला तेव्हा त्याला बसायला जागा होती. माझं म्हणणं एवढंच आहे, की अपयशात टिकवायची ती ही जागा. उमाळ्याची चिंता माणसानं करू नये.

हा उत्साह परत आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि आला तेही तिरक्या वाटेनं. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुलं हिब्रू शिकू लागली, मराठी बायबल घरात आलं. मिशनरी मंडळींचा हेतू उघड होता. हे लोक ख्रिस्ती व्हावेत. झाले अगदी थोडे. बाकीच्यांनी हिब्रू उचललं, आपल्याच पूर्वजांची चरित्रं प्रथमच मराठीत वाचली आणि नमस्कार करून आपल्या वाटेला लागले. मग काय विचारता! जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापून निघाली. तिच्यातल्या चित्रात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसून, अंबाडा घालून खाली बसल्या आहेत. १८८० च्या सुमारास तर अब्राहाम आणि योसेफाच्या आख्यानांवर मराठी कीर्तनं सुरू झाली. इजिप्तमधून सुटलेल्या लोकांचं आख्यान बुवा टाळांच्या साथीनं लावत होते.

या सगळ्यांत त्यांनी जवळचा मानला तो एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलीया. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर खुणा आहेत. एलियाहूचा रथ इथून आकाशात गेला, ही त्याच्या घोड्याची टाप आणि ही चाकाची रेघ, असं सांगतात. नवस फेडायचा असो, लग्न असो, नवं घर असो, एलियाहूच्या नावानं मलिदा करायचा. पोहे भिजवून घ्यायचे, त्यात गूळ किंवा साखर, ओल्या नारळाचा चव, वेलची, सुका मेवा. ताटात मधोमध पोह्यांची रास आणि भोवती फळं मांडायची. प्रार्थना झाली की एकेका फळाचा आशीर्वाद म्हणून ते वाटायचं. जगातल्या इतर यहुद्यांना हे ताट ठाऊक नाही. पोहे, गूळ, खोबरं पाहून कोणीही म्हणेल, हे तर आपलंच.

पण एलियाहूच का? त्याची गोष्ट नीट वाचली तर निवड फार मार्मिक वाटते. एलियाहू हा पेटलेला माणूस. कार्मेल डोंगरावर सगळ्या लोकांदेखत त्यानं बआल या देवाच्या पुजाऱ्यांना हरवलं, आकाशातून अग्नी उतरवला. यापेक्षा मोठा विजय कुठला? आणि पाठोपाठ राणीनं जिवे मारायची धमकी दिली तशी त्याची सगळी हवा गेली. तो दक्षिणेला बीरशेबापर्यंत पळाला, चाकराला तिथेच ठेवून एकटा वाळवंटात शिरला, एका झुडपाखाली आडवा झाला आणि देवाकडे मरण मागून झोपी गेला.

इथे आजच्या एखाद्या वक्त्यानं त्याला काय सांगितलं असतं, ते आपण जाणतो. तिथे आलेल्या देवदूतानं तसलं काही केलं नाही. त्यानं एलियाहूला हलवून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूतानं झोपू दिलं. पुन्हा उठवलं, पुन्हा जेवायला घातलं. उपदेश नाही, परीक्षा नाही, धीर धर असंही नाही. थकलेल्या माणसाला दोनदा जेवण आणि मधे झोप. मग तो चाळीस दिवस चालत होरेब पर्वतापर्यंत गेला, आणि तिथेही देव त्याला वादळात, भूकंपात किंवा आगीत भेटला नाही. ते सगळं ओसरल्यावर एका बारीक आवाजात भेटला. ज्यानं आग पाडून विजय मिळवला, त्याला आगीत देव नाही हे दाखवून देणारी ही गोष्ट आहे. ज्यांच्या उपासनेत एलियाहूच्या नावानं ताटभर खाणं मांडलं जातं, त्यांना हा भाग कुणी वाचून दाखवला नव्हता त्या काळातही उमगला होता की काय, असं मला वाटून जातं. इतिहासकार याला हसतील. हसू देत.

नंतरच्या यहुदी परंपरेत या गोष्टीला एक शेपूट जोडलेलं आहे, आणि ते मला मूळ गोष्टीहून अधिक आवडतं. एलियाहूनं देवाकडे तक्रार केली होती, की तुझ्या लोकांनी करार सोडला, मी एकटाच उरलो. देवानं त्याला यासाठी मारलं नाही की रागावलं नाही. काम दिलं. यापुढे ज्या ज्या यहुदी घरात मुलाची सुंता होईल तिथे तू हजर राहायचं आणि करार अजून पाळला जातोय हे स्वतः पाहायचं. म्हणून सुंतेच्या वेळी एक खुर्ची एलियाहूसाठी रिकामी ठेवतात. सगळं संपलं म्हणणाऱ्याला दर सुंतेला साक्षीला बोलावायचं! निराशेला याहून खट्याळ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि सुंता ही तर जहाज फुटूनही न बुडालेली गोष्ट. एलियाहूला कोकणातसुद्धा खेटे घालावे लागले असणार.

आतापर्यंतचं संकट समुद्रानं दिलेलं होतं. खरं कठीण संकट आपल्यांनी दिलं. मुंबईत बगदादहून श्रीमंत यहुदी व्यापारी येऊन स्थिरावले. आरंभी बेने इस्रायलांनी त्यांना आपल्या सिनेगॉगमध्ये आणि दफनभूमीत जागा दिली. १८३६ साली याच बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत दोघांच्या थडग्यांमध्ये भिंत बांधून द्यावी. कारण हे लोक रंगानं काळे, रीतीनं देशी, धर्मानं कच्चे. शतकानुशतकं कोळंबी सोडून राहिलेल्यांना हे ऐकावं लागलं.

१९४८ साली इस्रायल झालं आणि लोक जाऊ लागले. बरेच जण बीरशेबाला वसवले गेले. एलियाहू जिथून वाळवंटात शिरला तेच हे बीरशेबा. काम, घरं, वागणूक, सगळ्यांत दुजाभाव होतो या तक्रारीवरून १९५१ च्या अखेरीस त्यांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. काही कुटुंबं खरोखर परत आली. पुढे त्यांतली बरीच पुन्हा गेली. त्यानंतरचा घाव खोल होता. १९६१-६२ मध्ये तिथल्या धर्मपीठानं ठरवलं, की बेने इस्रायल माणसाचं इतर यहुद्याशी लग्न लावण्यापूर्वी त्याच्या वंशाची मागे जमेल तितकी चौकशी करावी. राहाबीनं हात पाहून जे एका जेवणात ओळखलं, ते आता आज्या-पणज्यांच्या कागदांवरून ठरवायचं होतं, आणि कागद तर समुद्रात गेले होते.

अशा वेळी माणूस दोन गोष्टी करतो. धर्माला रामराम ठोकतो, किंवा मान खाली घालून चौकशीला उभा राहतो. बेने इस्रायलांनी तिसरी गोष्ट केली. ते शब्बाथ पाळत राहिले आणि १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसले. भांडण धर्मपीठाशी आणि निष्ठा धर्माशी, हा फरक त्यांनी सोडला नाही. १७ ऑगस्ट १९६४ रोजी तिथल्या संसदेनं खास बैठकीत जाहीर केलं, की बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदी आहेत. महिनाअखेरीस धर्मपीठानं आपल्या आदेशातून त्यांचं नाव काढलं. आदेश मात्र पुरता मागे घेतला नाही. वंशाची शंका असेल अशा कुणाचीही चौकशी करावी, असं मोघम करून ठेवलं. धर्मपीठं नमतात ती अशीच, थोडं अंतर राखून.

म्हणून संकट म्हणजे देवानं घेतलेली परीक्षा, श्रद्धा ठेव, सगळं ठीक होईल, हे जे आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही. भिवंडीत यंत्रमाग भंगारात विकलेल्या कारखानदाराला हे सांगणारे कमी नाहीत. त्याचा माग बंद पडला तो विजेच्या दरामुळे, सुताच्या भावामुळे, स्वस्त कापडाच्या लाटेमुळे. त्यात परीक्षा कसली? वाईटाला वाईट म्हणायची रीत शनवार तेल्यांकडे होती. बिरड्याचा रोजा नावाचा एक उपास बेने इस्रायल लोकांत होता. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्याच्या शोकाचा हा दिवस, आणि त्याच्याशी वालाचं बिरडं जोडलेलं. आपल्या रायगड-ठाण्यात ज्याला वाल सोलायला बसवलंय, त्याला ते काम किती वेळखाऊ आणि वाल किती कडवट ते ठाऊक आहे. त्या दिवशी कुणी असं म्हणत नसे, की मंदिर पडलं ते बरंच झालं. पडलं ते वाईटच झालं, दर वर्षी वाईट झालं, आणि दुसऱ्या दिवशी घाणा चालू.

किहीमकरांचीच गोष्ट घ्या. समाजाच्या मुलांसाठी शाळा काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बेने इस्रायलांचा इतिहास त्यांनी १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून राहिलं आणि तोवर लेखक या जगात नव्हता. घाण्यापासून रोज्यापर्यंत आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं पुष्कळसं त्या पुस्तकामुळे. हे काम करताना त्यांना उत्साह वाटत होता की कंटाळा, याची नोंद पुस्तकात नाही, आणि तिची कुणाला गरजही पडली नाही.

आता बेने इस्रायल बहुतेक तिकडे आहेत. मलिदा तिकडेही होतो, आणि खंडाळ्याचा खडक लांब पडला म्हणून लोक हैफाला, कार्मेल डोंगरातल्या एलियाहूच्या गुहेपाशी जातात. भारतात काही हजार उरले. त्यांना महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली अल्पसंख्याक दर्जा दिला. ठाण्याच्या सिनेगॉगला माणसांची वानवा नाही. अलिबाग, पेण, रेवदंड्याची गोष्ट वेगळी. तिथली सिनेगॉग उभी आहेत, पण सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात आणि तेवढे दर शनिवारी जमतीलच असं नाही. दहा जमले नाहीत, तर तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी वाचनासाठी बाहेर काढत नाहीत आणि मृतांसाठीचा कद्दीश म्हणत नाहीत. बाकीची बहुतेक प्रार्थना एकट्यानं म्हणायला मुभा आहे.